मेथी, काकवी आणि मेपलचा सुगंध
घरच्या मऊ कुकीजसाठी सिल्वासाच्या स्वयंपाकघरातून एक वाट

लोणी कढवताना तळाशी बेरी जमू लागली की गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि त्यात दोन चमचे अख्खे मेथीदाणे टाकून झाकण ठेवा. अर्ध्या तासाने झाकण काढा. मेथीचा कडवट दर्प मागे पडलेला असतो आणि जळकट साखर, कॅरॅमल, सुकामेवा यांच्या मधला एक गोड वास वर येतो. ज्यांनी मेपल सिरप चाखलंय, ते हा वास लगेच ओळखतात.

मेपलच्या स्वादाच्या मऊ कुकीज घरी करायच्या म्हटलं, की पहिली अडचण सिरपची येते. खरं मेपल सिरप परदेशातून येतं, महाग असतं आणि कुकीजच्या एका घाण्यालाच छोट्या बाटलीतला चांगला पाव भाग संपतो. स्वस्तात मिळणाऱ्या ‘मेपल फ्लेवर्ड’ बाटल्यांत बहुतेक वेळा साखरेचा किंवा मक्याचा पाक, रंग आणि स्वादार्क एवढंच असतं. बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचा. अस्सल मेपल सिरपच्या यादीत एकच नाव असतं. तिथे चार-पाच नावं दिसली, तर त्या पैशांत उत्तम काकवी आणा. मेथी, काकवी आणि लोणी या तीन ओळखीच्या वस्तूंमधून मेपलच्या फार जवळ जाणारी चव मिळते. मऊपणाच्या बाबतीत तर काकवी मेपलपेक्षा सरस ठरते.

वास येतो कुठून?

मेपलच्या झाडातून निघणारा रस जवळजवळ पाण्यासारखा असतो. त्यात साखर असते सुमारे दोन टक्के. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब, अशा हिवाळा संपतानाच्या दिवसांत कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात तो गोळा करतात आणि उकळून आटवतात. एक लिटर सिरपला साधारण चाळीस लिटर रस लागतो. ताज्या रसाला ओळखू येईल असा स्वाद नसतो. तो आटवताना तयार होतो.

त्या स्वादातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे सोटोलोन. हाच पदार्थ मेथीदाण्यात भरपूर असतो. त्याचं प्रमाण जास्त असलं की मेथीचा किंवा करी मसाल्याचा वास येतो, आणि अगदी थोडं असलं की तोच वास मेपलचा, जळकट साखरेचा वाटतो. म्हणून कृत्रिम मेपल स्वादासाठी मेथीचा अर्क वापरतात. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून मॅनहॅटनभर मेपल सिरपचा वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये त्याचा माग लागला. नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती आणि वाऱ्याबरोबर तो वास शहरात येत होता. आपल्याकडे मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत जो गोडसर वास भरून राहतो, त्याचं मूळही हेच.

मात्र मेथीबरोबर कडूपणाही येतो. दाणा फुटला की तो झपाट्याने उतरतो. म्हणून इथे मेथीची पूड वापरायची नाही, दाणे ठेचायचे नाहीत. अख्खे दाणे गरम लोण्यात मुरवून गाळून घ्यायचे. एवढं पथ्य पाळलं की वास हाती लागतो आणि कडूपणा बराचसा दाण्यातच राहतो.

काकवी का?

गुऱ्हाळात उसाचा रस कढईत आटत असताना, गुळाचा पाक होण्याआधी जो दाट, तांबूस द्रव उतरवून ठेवतात ती काकवी. वनस्पतीचा गोड रस मंद विस्तवावर आटवून त्याला रंग आणि चव आणायची, ही रीत मेपलची आणि काकवीची एकच. बंगालात थंडीच्या दिवसांत खजुरीच्या रसाचा नोलेन गूळ करतात, तो तर झाडाच्या रसापासूनच होतो. तुमच्याकडे कुणी पातळ नोलेन गूळ आणून दिला असेल, तर तो या कुकीजमध्ये जरूर वापरा.

काकवीचा दुसरा गुण मऊपणाशी जोडलेला आहे. मेपल सिरपमधली साखर बहुतेक सगळी सुक्रोज, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या जातीची. काकवीत सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही बऱ्यापैकी असतात. या दोन साखरा पाणी धरून ठेवतात आणि सुक्रोजचे खडे होऊ देत नाहीत. म्हणून काकवीची कुकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहते.

काकवी मिळाली नाही, तर घरी सोय करता येते. १०० ग्रॅम गडद रंगाचा, मऊ गूळ घ्या. तो चिरून ३ टेबलस्पून पाण्यात मंद आचेवर विरघळवा, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घाला, एक उकळी आणा आणि गाळून घ्या. गाळणं टाळू नका, गुळात बारीक कचकच असते. लिंबातल्या आम्लामुळे सुक्रोजचा थोडा भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये बदलतो आणि पाकात खडे धरायचा धोका कमी होतो. पिवळाधमक, टणक गूळ इथे फारसा उपयोगी नाही, त्याला गोडी असते पण स्वादाची खोली नसते.

कॅनडातल्या नातेवाइकांनी खरं सिरप आणलं असेल, तर काकवीच्या जागी तेवढंच सिरप घ्या. त्यात ‘डार्क’ किंवा ‘व्हेरी डार्क’ प्रतीचं निवडा. फिकट ‘गोल्डन’ सिरपचा नाजूक स्वाद ओव्हनमध्ये हरवतो. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर राहिली तर तिला बुरशी येते.

नानकटाईची सवय बाजूला ठेवा

सिल्वासापासून सुरत फार दूर नाही, आणि सुरतेची नानकटाई या भागात घराघरांत परिचयाची. नानकटाईत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. तूप, पीठ, साखर आणि सावकाश भाजणं. त्यामुळे ती खुसखुशीत होते. मऊ कुकीला याच्या उलट वागवावं लागतं. पिठात ओलावा हवा, तो धरून ठेवणारी साखर हवी, गोळा जाड हवा आणि भाजणं थोडक्यात आटोपायला हवं. ज्यांचा हात नानकटाईवर बसलाय, ते कुकी ‘नीट भाजली जाईपर्यंत’ आत ठेवतात. तिथेच मऊपणा निघून जातो.

मैद्याबरोबर आपण थोडं नागलीचं पीठ घेणार आहोत. खानवेलकडच्या डोंगराळ भागात आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा कुटुंबांच्या शेतात भाताबरोबर नागली असते. बाकी महाराष्ट्र तिला नाचणी म्हणतो. नागलीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे कुकी चिवट होत नाही. तिची खमंग मातकट चव काकवीशी जुळते आणि रंगही सुरेख तांबूस येतो. पीठ मात्र बारीक दळलेलं हवं, वस्त्रगाळ केलेलं असेल तर उत्तम. जाडसर पीठ दाताखाली रेतीसारखं लागतं.

साहित्य (साधारण १६ कुकीज)

• लोणी किंवा बिनमिठाचं बटर – ११० ग्रॅम
• अख्खे मेथीदाणे – २ टीस्पून
• मैदा – १५० ग्रॅम (साधारण सव्वा कप)
• नागलीचं बारीक पीठ – ५० ग्रॅम (साधारण ६ सपाट टेबलस्पून)
• कॉर्नफ्लोअर – १ टेबलस्पून
• खाण्याचा सोडा – अर्धा टीस्पून
• मीठ – पाव टीस्पून (खारं बटर असेल तर मीठ घालू नका)
• काकवी – ४ टेबलस्पून (सुमारे ८० ग्रॅम)
• ब्राऊन शुगर किंवा गुळाची पावडर – ७० ग्रॅम (साधारण एक तृतीयांश कप)
• अंडं – १. अंडं नको असेल तर ३ टेबलस्पून घट्ट, गोड दही
• व्हॅनिला – अर्धा टीस्पून
• अक्रोडाचे तुकडे – मूठभर, आवडीप्रमाणे

व्हॅनिला ऐच्छिक वाटला तरी घाला. मेपलच्या स्वादात व्हॅनिलिनचाही अंश असतो, त्यामुळे मेथीचा वास मेपलकडे झुकायला त्याची मदत होते. आणि शक्य असेल तर स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा घ्या. कपाने मोजलेला मैदा हाताच्या दाबाप्रमाणे कमी-जास्त भरतो आणि वीस-तीस ग्रॅम मैदा जास्त झाला की मऊ कुकी कोरडी पडते.

कृती

१. जाड बुडाच्या, आतून फिकट रंगाच्या पातेल्यात लोणी मंद आचेवर वितळवा. आधी तडतडेल, मग फेस येईल. आपण तूप कढवतो तसंच, पण रंगावर नजर ठेवून. तळाची बेरी फिक्या बदामी रंगाची झाली की गॅस बंद करा. ती तपकिरी होईपर्यंत थांबू नका, पातेल्याच्या उष्णतेने ती पुढेही भाजत राहते.

२. एक मिनिट थांबून मेथीदाणे टाका. ते हलकेच तडतडले पाहिजेत. काळपट होऊ लागले तर पातेलं लगेच थंड पाण्याच्या परातीत टेकवा. झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्या.

३. लोणी कोमट असतानाच मोठ्या भोकांच्या गाळणीतून गाळा. मेथीदाणे गाळणीत अडकतील आणि बेरी खाली उतरेल. बेरी टाकून देऊ नका. कुकीतली सुक्यामेव्यासारखी चव बरीचशी तिच्यातच असते. आता एक थेंब जिभेवर ठेवून पाहा. किंचित कडसर लागलं तर हरकत नाही, काकवी ते झाकून टाकते. तोंड वाकडं व्हावं इतकं कडू असेल, तर दाणे जळलेत. असं लोणी कुकीजसाठी वापरू नका.

४. गाळलेल्या लोण्यात काकवी आणि ब्राऊन शुगर घालून दोन मिनिटं चांगलं फेटा. मिश्रण हाताला गरम लागत नाही याची खात्री करून मगच अंडं किंवा दही आणि व्हॅनिला घाला. गरम मिश्रणात दही फाटतं आणि अंड्याच्या गुठळ्या होतात.

५. मैदा, नागली, कॉर्नफ्लोअर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून एकत्र करा. ते ओल्या मिश्रणात घालून उलथन्याने हलक्या हाताने कालवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. मळल्याने मैद्यातलं ग्लूटेन जागं होतं आणि कुकी वातड होते. अक्रोड शेवटी मिसळा.

६. हे पीठ सैल आणि चिकट दिसेल. ते तसंच असायला हवं, वरून मैदा घालू नका. भांडं झाकून एक तास फ्रिजमध्ये ठेवा. लोणी आळतं, नागलीचं पीठ ओलावा शोषून फुगतं आणि गोळे हाताला चिकटत नाहीत.

७. ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर निदान १५ मिनिटं तापवा. ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू ठेवा आणि ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा. प्रत्येकी ३० ग्रॅमचे गोळे करून बटर पेपरवर दोन-दोन इंचांच्या अंतरावर मांडा आणि बोटाने जरासे दाबा. पेढ्यासारखे चपटे करू नका, गोळा उंच असला तरच आत मऊपणा टिकतो.

८. दहा ते अकरा मिनिटं भाजा. कडा बसलेल्या, वरचा भाग चकाकी गेलेला पण बोट लावलं तर खोलगट होणारा, अशा अवस्थेत ट्रे बाहेर काढा. मध्यभागी ओलं, चमकणारं पीठ दिसत असेल तर आणखी एक मिनिट द्या. काकवीमुळे कुकीचा रंग आधीच गडद असतो, त्यामुळे ‘गुलाबी होईपर्यंत’ हा निकष इथे चालत नाही. कडांचा स्पर्श आणि घड्याळ यांवर विसंबा.

९. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या. या वेळात आतली उष्णता मधला भाग शिजवून पूर्ण करते. गरम असताना उचलायला गेलात तर कुकी मोडते. नंतर जाळीवर काढून पूर्ण गार करा.

वरून चकाकता थर हवा असेल, तर ४ टेबलस्पून पिठीसाखर, २ टीस्पून काकवी आणि एक टीस्पून दूध एकत्र करून गार कुकीवर पातळ पसरा.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाची कढई किंवा शिटी आणि रिंग काढलेला कुकर चालतो. तळाशी जाड मिठाचा बोटभर थर द्या, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. ॲल्युमिनियमच्या ताटलीला लोणी लावून एका वेळी चार-पाच गोळे मांडा. मग आच मंद करून बारा ते पंधरा मिनिटं द्या. इथे उष्णता खालून येते, त्यामुळे तळ आधी लाल होतो. ताटलीखाली आणखी एक रिकामी ताटली उपडी ठेवली की तळ करपत नाही. वापरलेलं मीठ डब्यात भरून पुढच्या भाजण्यासाठी ठेवा.

इथल्या हवेप्रमाणे बदल

कुकीजच्या परदेशी पाककृती थंड, कोरड्या हवेत लिहिलेल्या असतात. दमणगंगेच्या काठी पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने जड असते आणि एप्रिल-मेमध्ये लोणी ओट्यावर ठेवल्या ठेवल्या वितळतं. म्हणून वेळा आणि मापं ऋतूप्रमाणे थोडी हलवावी लागतात.

उन्हाळ्यात पीठ दोन तास गार करा आणि गोळे केल्यावर ट्रेसकट आणखी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ट्रे गरम असताना त्यावर दुसरा घाणा लावू नका. गोळा ओव्हनमध्ये जाण्याआधीच पसरायला लागतो.

पावसाळ्यात मैदा आणि गुळाची पावडर आधीच ओल धरून असतात. तेव्हा काकवी एक टेबलस्पून कमी घ्या किंवा मैदा एक टेबलस्पून वाढवा, दोन्ही एकदम करू नका. भाजायला एक मिनिट जास्त द्या. या दिवसांत कुकी कोरडी पडण्याची भीती नसते, ती चिकट होण्याची असते.

थंडीत हवा कोरडी होते. तेव्हा मापं जशीच्या तशी ठेवा. डब्यात ब्रेडची एक स्लाइस ठेवली की तिचा ओलावा कुकीज ओढून घेतात आणि मऊ राहतात. स्लाइस रोज बदला.

काय बिघडलं, ते कसं ओळखायचं

कुकी पापडासारखी पसरली: पीठ पुरेसं गार झालं नव्हतं किंवा ओव्हन तापायच्या आत ट्रे ठेवला. उरलेले गोळे अर्धा तास गार करून मग लावा.

कुकी गोळाच राहिली, पसरलीच नाही: मैदा जास्त झाला. उरलेल्या पिठात एक टेबलस्पून दूध घाला आणि गोळे हाताने जास्त चपटे करा.

गार झाल्यावर कडक झाली: जास्त भाजली गेली. पुढचा घाणा दोन मिनिटं आधी काढा. कडक झालेल्या कुकीज चुरून खिरीवर किंवा आइस्क्रीमवर घाला, चव उत्तमच असते.

साबणासारखी चव आली: सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही. सोडा नेहमी सपाट चमच्याने मोजा आणि पिठाबरोबर चाळून घ्या.

मेथीची भाजी खाल्ल्यासारखं वाटलं: दाणे जास्त झाले किंवा फुटले. पुढच्या वेळी दीड टीस्पून घ्या. वास कमी पडला, तर दाणे वाढवण्याऐवजी मुरवायचा वेळ तासभर करा.

कुणाला देताना

नागली आणि काकवी वापरली म्हणून ही कुकी पथ्याची होत नाही. तिच्यात लोणी आणि साखर भरपूर आहे, मधुमेह असणाऱ्यांनी ती साखरच समजून खावी. मेथी ही शेंगदाणा आणि हरभऱ्याच्या कुळातली आहे, तेव्हा ज्यांना या दोन्हींपैकी कशाची ॲलर्जी आहे त्यांना देताना आधी विचारा. मुलांच्या डब्यातून इतर मुलांपर्यंत खाऊ जातो, त्यामुळे मेथी आणि अक्रोड घातल्याचं सांगून ठेवलेलं बरं.

साठवण आणि पुढची तयारी

कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. आतली वाफ झाकणाला धरते आणि थेंब खाली पडून बुरशीला आमंत्रण मिळतं. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन थरांमध्ये बटर पेपर घाला. हिवाळ्यात त्या पाच-सहा दिवस छान राहतात. पावसाळ्यात तीन दिवसांत संपवा, त्यापुढे फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

त्याहून सोयीचं म्हणजे गोळे करून ठेवणं. ट्रेवर फ्रीझरमध्ये दोन तास कडक करून ते पिशवीत भरले की महिनाभर टिकतात. पाहुणे आले की हवे तेवढेच काढा आणि न वितळवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवून दोन मिनिटं जास्त भाजा.

पहिल्यांदा करताना सगळा ट्रे एकदम लावू नका. आधी दोनच गोळे भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग मोडून पाहा. प्रत्येक घरचा ओव्हन वेगळा तापतो, प्रत्येक काकवी वेगळ्या दाटपणाची असते. या दोन कुकीज तुम्हाला मिनिटं वाढवायची की कमी करायची, पीठ आणखी गार करायचं की नाही, हे नेमकं सांगतात. तो आकडा पाककृतीच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा आणि उरलेले चौदा गोळे त्याप्रमाणे भाजा.